दत्ताच्या घरचं मत

दत्तात्रेय : अगो, हा फोटो कुनाचा?

सत्यवती : दिसतोय तो. रावजीदादांच्या नातीचा, मृणालीचा.

दत्तात्रेय : ते मलाबी दिसतंय. तुझ्या फोनात तो काय करतोय? आन खाली काय लिवलंय हे... 'वर्षाचा खेळाडू, माझं मत हिला.' सत्या, तू हिला मत दिलंस?

सत्यवती : दिलं.

दत्तात्रेय : हळू बोल!

सत्यवती : हळूच बोलले. आनखी किती हळू बोलू?

दत्तात्रेय : दार लोट. नको, लोटू नको. भर दुपारी दार लोटलं तर समोरची कमळ यील बघायला, काय झालं म्हनून. ऱ्हाऊ दे उघडं. आता असं कर, हे पुसून टाक आन प्रणयला दे.

सत्यवती : एका नंबरचं एकच मत. दिलं का दिलं, मागं घेता येत न्हाय.

दत्तात्रेय : तू करून बघितलंस?

सत्यवती : न्हाय. कशाला बघू?

दत्तात्रेय : कशाला बघू म्हनते! देवळात बैठक झाली तवा तू बायकांत बसली व्हतीस ना? गणराजशेठ काय बोलले? तालुक्याचा वर्षाचा खेळाडू लोकांच्या मतानं ठरनार, शेवटच्या दोघांत आपला प्रणय हाय, तवा गावातलं एक मत बाहेर जाता कामा नये. मत द्यायचं आन त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकायचा. ज्याचा फोटो न्हाय त्याच्या घरी जाऊन फोन बघायचा. हे सगळं ऐकलंस ना?

सत्यवती : ऐकलं. शेवटच्या दोघांतली दुसरीबी ह्याच गावची हाय, ते कुनीच बोललं न्हाय. तेबी ऐकलं.

दत्तात्रेय : वाळीत टाकलेल्या घराला गावात धरत न्हाईत.

सत्यवती : मंग ती पोरगी काय समिंद्रात जन्माला आली?

दत्तात्रेय : तुला मस्करी सुचतेय. माझ्या ह्या बटनांच्या डबड्यावर मत जात न्हाय, म्हनून मी शेठना छाती ठोकून सांगितलं, आमच्या घरचं मत सत्या देनार. सकाळपासून सगळ्यांचे फोटो पडले. आपलंच घर ऱ्हायलंय. मी म्हटलं, बाईला फोटो टाकता येत न्हाय वाटतं, म्हनून फोन हातात घेतला. तर हे!

सत्यवती : फोटो टाकता येतो मला.

दत्तात्रेय : नशीब टाकला न्हाईस. सत्या, हा फोन पान्याच्या पिंपात टाकू. बुडला म्हनून सांगू.

सत्यवती : आन लोक काय विचारतील? साऱ्या गावाचे फोन कोरडे, दत्ताच्या घरचाच आजच कसा बुडला?

दत्तात्रेय : व्हय. तेबी हाय.

सत्यवती : बसा आधी. पानी प्या.

दत्तात्रेय : परवा आपल्या केतनची हळद हाय गो! अंगनात गावकीचे टोप येऊन पडलेत. शेठनी नुसतं बोट दाखवलं तर त्यांचा टेम्पो येऊन घेऊन जाईल. भात कशात शिजवशील? धवले गायला आवडाबाई यील? पोरं मांडव घालायला येतील? आन नवरीच्या, पूनमच्या बापाला आगरदांड्याला कळलं का सोयऱ्याला वाळीत टाकलंय, तर तो मुलगी पाठवील ह्या घरात?

सत्यवती : आता कायदा झालाय. असं कुनाला वाळीत टाकता येत न्हाय.

दत्तात्रेय : कायदा यील हळदीत नाचायला? रावजी पन गेला व्हता कायदा घेऊन. काय केलं व्हतं त्यानं? गावकीनं निवडनुकीला मानूस ठरवला आन ह्यानं त्याच्याइरुद्ध अर्ज भरला. यवढंच. तवापासून गिरनीत त्याचं दळन घेत न्हाईत. दुकानात सामान देत न्हाईत. बोलेल त्याला दंड. त्याची बायको, काशीवयनी, गेली तवा मयताला कोन आलं?

सत्यवती : चौघं व्हती.

दत्तात्रेय : चौघं कुठली? रावजी, त्याचा मुलगा आन तो करंज्याचा मेव्हना.

सत्यवती : चौथा खांदा मृणालीनं दिला. शाळेच्या कपड्यात व्हती. तिची उंची पुरत न्हवती, म्हनून तिरडी तिच्या बाजूला कलली व्हती.

दत्तात्रेय : म्हनून तर सांगतोय! उद्या माझी तिरडी कुनीकडं कलंल?

सत्यवती : काय बोलता हो भरल्या घरात!

दत्तात्रेय : बोलतो, कारन घाबरलोय. मी काय गणराजशेठ न्हाय. बरं, सगळं सोड, नुसतं खेळाचं बोल. प्रणयमध्ये काय कमी हाय? पोरगा कबड्डीत चढाईला गेला का अलिबागचं मैदान उभं ऱ्हातं. गुडघा नारळायवढा सुजलेला, पट्टी बांधून फायनल खेळला. शेवटच्या चढाईत तिघांना मारून परत आला का न्हाय?

सत्यवती : आला. मीच वरडून वरडून घसा बसवून घेतला. कमी हाय असं मी कुठं म्हनाले?

दत्तात्रेय : मंग ज्याचं त्याला द्यायचं ना!

सत्यवती : तो पडला तर उचलायला सहा जनं धावतात. मालिश करायला मानूस, घरी सोडायला शेठची गाडी. मी खाडीवर कालवं काढायला जाते, तवा तिला बघते. थंडीत, अंधार सरायच्या आत पान्यात उतरते. लांब पोहायचं तर बाजूला होडी लागते. गावात होड्या काय कमी हायत? एकानं दिली न्हाय. रावजीदादांनी करंज्याहून कुनाची तरी जुनी होडी मागून आनली. म्हातारा वल्हवतो आन पोरगी पोहते. अशी पोहून पोहून धरमतरपासून गेटवेपर्यंत गेली ती.

दत्तात्रेय : गेली. मोठं काम केलं. न्हाय म्हनत न्हाय मी.

सत्यवती : मुंबईला तिला हार घातले म्हनं. परत रेवसच्या धक्क्यावर उतरली तवा आपल्या गावची सतरा मानसं तितं उभी व्हती. सगळी तिच्याकडं पाठ करून भरतीचं पानी बघत ऱ्हायली.

दत्तात्रेय : दंड बसला असता.

सत्यवती : म्हाईत हाय. मीबी त्यातलीच. म्हनून फोन हातात आला तवा म्हटलं, हितं तर कोन बघत न्हाय.

दत्तात्रेय : आन आता सगळा गाव बघनार! पोहनं तिचं एकटीचं, सत्या. कबड्डी गावाची. बनियनवर गावाचं नाव असतं.

सत्यवती : तिच्याबी फोटोखाली गावाचं नाव हाय. बघा की, तुमच्या हातातच हाय.

दत्तात्रेय : कोन आलं? अगो, प्रणय येतोय. शेठनी आपल्या भाच्यालाच पाठवलाय! ऐक, नीट ऐक. चुकून दाबलं म्हनायचं. दोन फोटो शेजारी व्हते, चश्मा न्हवता, बोट घसरलं. मी देवळात पंचांसमोर नारळ ठेवतो आन चुकलो म्हनतो. तुला यायचीबी गरज न्हाय. नारळ ठेवला का मिटतं. तू नुसतं 'चुकून' म्हन. केतनसाठी म्हन.

प्रणय : काका, आहात ना घरात? काकी?

दत्तात्रेय : ये, ये पोरा. बस. गुडघा कसा हाय? सरबत घेशील?

प्रणय : नको काका. मामानं पाठवलंय. तुमचाच फोटो राहिलाय ग्रुपवर. जरा फोन दाखवा, मी लगेच निघतो.

दत्तात्रेय : फोन... त्याचं असं झालं...

सत्यवती : द्या त्याला.

प्रणय : थँक्यू. अरे, हे तर मृणालीला दिलंय.

दत्तात्रेय : दोन्ही फोटो शेजारीशेजारी असतात ना रं. हिला चश्म्याबिगर दिसत न्हाय. बोट घसरलं.

प्रणय : काकी, चुकून दाबलं?

दत्तात्रेय : बोल की गो. सांग त्याला.

सत्यवती : व्हय रं बाबा. चुकून.

प्रणय : नक्की?

सत्यवती : व्हय म्हटलं ना. चुकून दाबलं.

प्रणय : अच्छा. ठीक हाय. मला हा फोटो बघून दोन सेकंद वाटलं, कोणीतरी हाय. म्हणजे मी एकटाच.

सत्यवती : एकटाच म्हंजे?

प्रणय : काही नाय. निघतो मी.

सत्यवती : थांब. एकटाच काय म्हनालास?

प्रणय : काकी, कुणाला बोलू नका. माझ्या आईची शप्पथ हाय तुम्हाला, बोलू नका. माझं मत पण तिलाच गेलंय.

दत्तात्रेय : अरे देवा! तू सोता उभा ना रं?

प्रणय : उभा हाय म्हणूनच तर. अलिबागला आम्हाला दोघांना बोलवलेलं, फोटो काढायला. बाजूबाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. मला काय बोलावं सुचेना. इतक्या वर्षांत बोललोच नव्हतो ना तिच्याशी. तीच बोलली पहिली. म्हणे, 'तुमच्या गावातल्या मैदानाला लाइट लागली का?'

सत्यवती : तुमच्या गावातल्या?

प्रणय : तुमच्या. मी बोल्लो, अगं, आपल्या गावातल्या. ती हसली फक्त. रागावली असती तर बरं झालं असतं. मग संध्याकाळी फोन उघडला आणि दाबलं तिच्या फोटोवर. तेव्हा काही वाटलं नाय. आता मामा बोलतोय, पोराचा स्वतःचा फोटो ग्रुपवर सगळ्यांत वर लावू, हाराबिराचा. सकाळपासून टाळतोय. जेवलो पण नाय.

दत्तात्रेय : कुनाला सांगितलंस हे?

प्रणय : कुणाला सांगू? बाबा गेल्यापासून आम्ही मामाच्याच घरात. मी आणि आई. मामा मारणार नाय मला. आईला बोलेल. भांडी घासता घासता ऐकत बसेल ती. काकी, चढाईला सात जणांसमोर एकटा जातो ना मी, तिथं भीती नाय वाटत. मामाचा फोन वाजला की वाटते.

सत्यवती : इकडं ये, बस असा.

प्रणय : आणि खरं सांगू? जिंकलो तरी काय कळणार मला? मी चांगला खेळतो म्हणून दिलं, का मामाला भिऊन दिलं? मी खरंच चांगला खेळतो का काकी?

सत्यवती : खेळतोस रं राजा. तुझ्यासारखा खेळनारा मी बघितला न्हाय. तुझ्या मैदानात तू पयला. पन मला विचारशील तर ह्या वर्साचं तिचं व्हतं.

प्रणय : पण तुम्ही तर चुकून...

सत्यवती : न्हाय. चुकून न्हाय दाबलं. भीती वाटली म्हनून खोटं बोलले. अजून वाटतेय. परवा माझ्या पोराची हळद हाय. पन तू एकटा न्हाईस.

दत्तात्रेय : सत्या, काय करतेस तू हे!

सत्यवती : पोराला खरं सांगतेय.

(प्रणयचा फोन वाजू लागतो.)

प्रणय : मामा.

दत्तात्रेय : उचलू नको.

प्रणय : नाय उचलला तर इथंच येईल तो.

सत्यवती : काय सांगनार हायस?

प्रणय : सगळंच सांगून टाकतो. माझं पण. होऊ दे एकदाचं.

दत्तात्रेय : शाना हायस! तुझं सांगितलंस तर रात्री आईला घेऊन कुठं जाशील? रेवसच्या धक्क्यावर झोपशील?

प्रणय : मग काय करू काका?

दत्तात्रेय : तुझं कुनी विचारलं न्हाय अजून. आमचं विचारलंय. आन तो फोन इकडं.

सत्यवती : अवो, तुमी बोलनार?

दत्तात्रेय : मीच. हे हिरवं दाबायचं ना?

प्रणय : हां, सरकवायचं. वर.

दत्तात्रेय : ... हॅलो. शेठ, मी दत्ता बोलतोय. ... व्हय, व्हय, प्रणय हितंच हाय, पानी पितोय. ... बघितला त्यानं फोन. ... न्हाय, त्याला नका बोलावू, मीच सांगतो. आमच्या घरचं मत रावजीच्या नातीला गेलं. ... मृणालीला. ... ऐकतोय शेठ. ... ऐकतोय. ... नारळ? नारळ कशाला? ... न्हाय शेठ, चुकून न्हाय. ... व्हय, टोप तुमचेच हायत, घेऊन जा. ... परवाच हाय हळद. संध्याकाळी. ... न्हाय, मी तुमाला येऊ नका न्हाय म्हनत. बघा, जमलं तर या.