रेघेला पाणी लागलं की

हॅलो?… कोण?… हां, चिमे, बोल. अगं जरा मोठ्यानं बोल, इथं ऑफिसात नुसता गोंगाट चाललाय. सगळे फोन एकदम खणखणतायत… नदीचंच गं. दुसरं काय असणार आज?

पोचलात ना माझ्या घरी?… निघालाच नाहीत? सकाळी काय बोलले होते मी? पोराला कडेवर घे, अप्पांना पुढं घाल आणि सरळ नीघ. किल्लीसुद्धा शेजारी ठेवलीय…

काय म्हणतात?… ‘अजून रेघेला पाणी लागलेलं नाही.’ म्हणणारच! जन्मभर तेच ऐकलंय. दगडावरच्या रेघेला पाणी लागलं की अप्पा शिटी फुंकणार, शिटी वाजली की गल्ली उठणार. त्याआधी देव दारात आला तरी कुणी उंबरा ओलांडायचा नाही…

हो, हो… माहितीये गं, कधी चुकले नाहीत. आजीही चुकली नव्हती. तिच्याकडं तर अप्पांसारखी कवायतीच्या मास्तरची शिटीपण नव्हती, नुसती बोंब ठोकायची… हसू नकोस. रेघ भिजली की दुपारभर वेळ हातात असतो. मग मागचा नाला फुगतो, पूल बुडतो आणि गल्ली दोन्हीकडून कोंडते. मला काय शिकवतेस? आणि आमच्या ऑफिसच्या पुराच्या भोंग्यावर कुणाचा विश्वास नाही, तेही मान्य. दर वर्षी लांडगा आला रे आला करतो आम्ही…

अगं ऐक ना. आत्ता पाणी कुठाय?… तू बघितलंस, की अप्पांनी सांगितलं?… बाकापर्यंत. कुठला बाक?… दगडाखालचा?

थांब. थांब जरा. बाकाच्या पायांना लागलंय, की वर?… फळीवर?… फळी दिसतच नाही?

आणि रेघ कोरडी.

अगं आई गं.

नाही, काही नाही झालं… झालंय, चिमे. ऐक. आपण शाळेत जायचो तेव्हा ती रेघ कुठं होती? बोटानं गिरवायला काय करायचो आपण?… वाकायचो. बरोबर. आणि आता?… मान वर करून बघतेस ना? अगं मग! एवढी घोडी झालीस, रेघ तुला खाली दिसायला हवी. वर कशी गेली?

आम्ही नेली. आमच्या ऑफिसनं. नवा नदीकाठ बांधला तेव्हा… नाही, फेकूनच देणार होते तो दगड, मीच भांडले. म्हटलं, काठ आखायचा तर जुना पूर कुठवर यायचा ते आधी बघा, इतिहास आहे तो. मोठे साहेब लगेच खूश. इतिहास हवाच म्हणाले, पण दिसेल असा हवा. मग खाली बाक आला. बसणाऱ्याच्या डोक्यामागं दगड झाकला जायला नको, म्हणून उचलून वर बसवला. वर दिवा, पुढं फोटो काढायला मोकळी जागा… हो, पाटीवरचा मजकूर माझाच. ‘पूर्वजांनी कोरलेली पुराची खूण.’

नाही गं, नाही विचारलं कुणी. सगळ्यांना ती शोभेची वस्तू वाटली. तिच्यावर अजून एक अख्खी गल्ली जगते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मी त्या गल्लीत वाढलेली, आणि माझ्याही नाही!… शिव्या नंतर घाल. हव्या तेवढ्या घाल. आधी अप्पांना फोन दे.

अप्पा? मी बोलतेय. शिटी फुंका… रेघेचं राहू द्या, ती रेघ खोटी आहे… दगड खराच आहे हो, जागा खोटी आहे. आमच्या लोकांनी वर नेला… तुम्हाला दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?…

काय म्हणालात?

‘लेक आहे तिथं, मोजूनच लावला असेल.’

नाही मोजला, अप्पा. कुणीच नाही मोजला… बाकाची फळी आहे ना, तिथं होती खरी रेघ. ती केव्हाच बुडाली. तुमची दुपार संपत आली. आता गाद्या नकोत, भांडी नकोत, आहे तसं पुलावरून पलीकडं… ऐकताय ना? रागवा तरी माझ्यावर…

चिमे? अप्पा कुठं गेले?… खाली? नदीकडं? वेडबिड लागलंय का त्यांना? खिडकीतून फुंकायची ना शिटी!… पाण्याच्या आवाजात तिथवर जाणार नाही, खरंय. पण तिथं आहे कोण?… पाववाला. शिंपीणकाकू, नातवंडांना घेऊन? नदीच्या पायऱ्यांवर काय करतायत ती सगळी?…

अप्पांनीच बसवलंय. रेघेवर लक्ष ठेवायला.

तू मागं जायचं नाहीस. गळ्याची शपथ. पोर आहे कडेवर तुझ्या. सरळ पुलाकडं चालायला लाग… पुलाचा कठडा दिसतोय ना? मग नीघ. फोन बंद करू नकोस, मी आहे…

वाजली! ऐकलीस? मला इथं ऐकू आली गं! फुंका, अप्पा, फुंका… येतायत का लोक?… पाववाला आला. काकू?… दोन्ही नातवंडं? नीट बघ… आली. बाई गं, आली सगळी.

आणि अप्पा?…

पायऱ्याच दिसत नाहीत म्हणजे काय? शिटी वाजतेय ना… वाजतेय, मला येतेय ऐकू. अजून कुणी राहिलंय का ते बघत असतील, त्यांना सवयच आहे… तू चाल. वळून बघू नकोस. पूल ओलांडलास?… शाबास. त्यांनाही ओलांडू दे, मग मला…

चिमे, शिटी का थांबली?

अगं रडू नकोस, सांग ना. का थांबली शिटी?… चिमे?… हॅलो?

हॅलो?