तुमच्या ताटात

मंगरूळपीरच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाई हळदीसारखी पिवळी, गळ्यात तुळशीची माळ. नवऱ्यानं गळ्याभोवती शेला गुंडाळलेला.

"रंगू, डॉक्टरायनं काय सांगतलं? रगत हाडातल्या मगजात बनते. तुह्यं बनत नाही. सायबाच्या मुलखात नवा शोध लागला, बकऱ्याची कलेजी खाल्ली का पुन्हा बनते."

"मंग सायबाले खाऊ द्या."

"आठ रोज झाले, मी रांधतो अन् तू मांजरीले घालतं."

"मांजर कशी लाल झाली, पायली ना?"

"हासू नको. गोठ्यामांगं तीन दगडायवर रांधतो. मडकंही येगळं. तुह्या चुलीले काही लावलं नाही."

"चुलीचं नाही वो. चाळीस वर्सं मी तुमच्या मांगून तुमच्याच ताटात जेवली. मी माळ उतरवून कलेजी खाल्ली, तं तुमच्या माळकऱ्याच्या ताटाले हात कसा लावू?"

"म्हणून तं आज गळ्याले शेला गुंडाळून आलो. हे पाय."

"अगं माय! शेला काहून काढता? अन् माळ कुठी गेली तुमची?"

"देवाजवळच्या खुंटीले टांगली. सकाळी कलेजीचा पयला घास मीच खाल्ला."

"…कशी लागली?"

"लय वाईट."

"डबा आणला काय?"

"हाये पिशवीत."

"काढा मंग. पयले तुमी खा. उरलं का मले द्या."