खांबेटे मास्तरांचा प्रदोष आणि न मावळणारा सूर्य

काल संध्याकाळी नॉर्वेच्या घड्याळात आठ वाजले. जहाजावर जेवणाची घंटा झाली. आणि आपले खांबेटे मास्तर जेवायला गेले नाहीत.

मंडळी, बातमी एवढीच आहे. बाकी आख्यान.

हसू नका. मी आज पोथीतलं आख्यान लावणार होतो, तयारीही केली होती. पण देवळात शिरलो तर आमचे पेटीवाले वामनराव पेटी उघडायच्या आधी मोबाइल उघडून बसलेले. म्हटलं, "काय हो, सूर लावताय की बाजारभाव बघताय?" तर म्हणाले, "बुवा, मेहुण्यांनी तिकडे घोळ घातलाय." मेहुणे म्हणजे मास्तर. वामनरावांची थोरली बहीण इंदूकाकू, तिचे यजमान. झालं, पोथी मिटली.

तर आधी प्रश्न ऐका. एखाद्या माणसासाठी आपण देवाला शब्द दिला. पुढे अशी वेळ आली, की तो शब्द पाळताना त्याच माणसाच्या जिवाला घोर लागतो. तर सांभाळायचं काय — शब्द की माणूस? लगेच उत्तर देऊ नका. मास्तरांना काल अख्ख्या दिवसात देता आलं नाही, आणि ते आपल्याहून शिकलेले आहेत.

मास्तर कोण, हे इथे सांगायला नको. पण आज पाहुणेही बसलेत. भूगोल शिकवायचे. या मांडवातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत. माझा डावा कान उजव्यापेक्षा लांब आहे, पागोट्यात लपवतो म्हणून दिसत नाही. भूगोलात नापास झालो म्हणून तर बुवा झालो मी — वैकुंठाचा नकाशा कुणी काढायला सांगत नाही!

बरं. इंदूकाकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मास्तर दवाखान्याच्या जिन्यावर बसून होते. आत काय चाललंय कळेना, बाहेर काय करावं सुचेना. तिथे त्यांनी शंकराला शब्द दिला: ही घरी येऊ दे, जन्मभर प्रदोष करीन. म्हणजे त्रयोदशीला दिवसभर पाण्याशिवाय काही नाही. सूर्य मावळला की पूजा, आणि मग जेवण. काकू घरी आल्या. नेम सुरू झाला. लग्नकार्य असो, ताप असो, एसटी घाटात बंद पडलेली असो — मास्तरांचा प्रदोष चुकला नाही. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "कौतुक कसलं? पुण्यासाठी कोण उपाशी राहतोय? मी भित्रा माणूस आहे. मोडला आणि हिला काही झालं तर?"

ऐकलंत? हे 'तर' लक्षात असू द्या. माणसाचा अर्धा धर्म त्या एका शब्दावर उभा असतो, आणि आमचा बुवा लोकांचा संसार तर सगळाच.

त्यांची मुलगी अनघा नोकरीला नॉर्वेत आहे. तिनं ठरवलं, आईबाबांना छोट्या जहाजातून किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला न्यायचं, जिथे नकाशा संपत येतो तिथपर्यंत. आता सहल ठरवायची म्हणजे मास्तरांनी काय काढावं? पंचांग. चातुर्मास लागायच्या आत परत यायला हवं. अमावास्येला प्रस्थान नको. मंगळवार नको, तो काकूंना चालत नाही. वाटेत प्रदोष येतोय हेही त्यांनी बघितलं. आणि काय म्हणाले? म्हणाले, "येऊ दे. समुद्रावरचा सूर्यास्त बघून पूजा करीन. असा योग इथे कुठे?"

जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, मंडळी. जूनचा महिना. आणि निघालाय उत्तर ध्रुवाच्या दिशेनं, सूर्यास्त बघायला.

जहाज म्हणाल तर आपल्या खाडीतल्या फेरीबोटीची थोरली बहीण. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर. डोंगर असे, की त्यांना पायथा म्हणून नाहीच. पाण्यातून निघतात ते सरळ ढगात. अधूनमधून चार लाल घरं, एक धक्का. काकू पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अहो, ही माणसं परसात कशी जात असतील? परस आहेच कुठे?" मास्तर म्हणाले, "तू आलीस त्या देशात, आणि तुला दिसलं परस." काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय दिसलं?" म्हणाले, "मला? अक्षांश."

तर काल सकाळी, प्रदोषाच्याच दिवशी, जहाजानं आर्क्टिक वृत्त ओलांडलं. तिथे एका खडकावर लोखंडी पृथ्वीगोल उभा केलाय. जहाजानं भोंगा दिला. आणि तिकडची एक रीत आहे, जो पहिल्यांदा ही रेघ ओलांडतो त्याच्या मानेवरून, सदऱ्याच्या आत, बर्फाचं पाणी ओततात. ओतायला खुद्द जहाजाच्या कप्तान, सिग्रिडबाई. सगळे गोरे लोक किंचाळत होते. मास्तरांनी शांतपणे मान पुढे केली. अनघाला म्हणाले, "प्रदोषाला शंकराला अभिषेक करायचा असतो. इथे भक्तावरच उरकला."

मग काय झालं असेल? मास्तर आणि समोर गोळा झालेली माणसं! शिक्षक निवृत्त होतो, जीभ होत नाही. आता माझ्याकडे बघू नका, मीही आटोपतं घेणारच आहे. त्यांनी न्याहारीच्या टेबलावरचं एक संत्रं उचललं, त्यात काडी खुपसली, काडी तिरकी धरली, आणि इंग्रजीत सुरू झाले: हा पृथ्वीचा आस. हा असा कललेला. म्हणून उन्हाळ्यात या रेघेच्या वरच्या भागात सूर्य क्षितिजाखाली जातच नाही, दिवसरात्र गरगर फिरत राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका जर्मन म्हाताऱ्यानं हात हातात घेतला. काकू खुर्चीत बसून ऐकत होत्या, म्हणाल्या, "घरी कधी इतकं समजावून सांगितलं नाहीत ते."

टाळ्या संपल्या. मास्तर खुशीत. ते संत्रं हातात घेऊन कप्तानबाईंकडे गेले आणि अदबीनं विचारलं, "बाई, आज मला पूजा करायची आहे. सूर्यास्त किती वाजता?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करतोय की काय म्हणून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "आपण जिथे चाललोय तिथे? जुलैच्या शेवटी."

मंडळी, ऐका. हा माणूस अज्ञानी नव्हता. त्याला कुणी फसवलं नव्हतं. आत्ताच, स्वतःच्या तोंडानं, संत्रं घेऊन, परक्या भाषेत त्यानं ते जगाला समजावलं होतं. पण ते ज्ञान होतं शाळेतलं, आणि प्रदोष होता देवघरातला. दोन्ही खोल्या एकाच घरात, मधलं दार कधी उघडलंच नाही! आपल्यालाही ठाऊक असतं की हो सगळं. ठाऊक असतं की तंबाखूनं काय होतं. आणि ते बोलताना आपण चुना मळत असतो.

मास्तरांनी हातातल्या संत्र्याकडे बघितलं. खायचीही सोय नाही, उपास. परत येऊन काकूंशेजारी बसले. म्हणाले, "इंदू, मी जर माझा विद्यार्थी असतो ना, तर आज मला बाकावर उभं केलं असतं."

"काय झालं?"

"आज सूर्य मावळणार नाही."

काकू म्हणाल्या, "मग आता?"

"मग आता काही नाही. महिनाभर पाणी पितो."

विनोद झाला. पण मंडळी, दुपार झाली, विनोद संपला. जहाज बेटांमध्ये शिरलं. धक्क्यावर लाकडी मांडव, त्यांवर मासळी वाळत घातलेली. वास अगदी आपल्या बंदरावरचा. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "एवढ्या लांब आले, तर माहेरच आलं भेटायला." मास्तर हसले नाहीत. त्यांची नजर सूर्यावर. आणि सूर्य काय, निवांत! बुवाला श्रोते मिळाले की बुवा उतरत नाही ना, तसा.

आठ वाजले. घंटा झाली. अनघानं दोघांची पानं खोलीतच आणली. भात, उकडलेले बटाटे, दही. मास्तर खिडकीशी पाठमोरे. हात थरथरत होते, म्हणून पाठीमागे बांधलेले.

अनघा म्हणाली, "बाबा, आपल्या गावी सूर्य केव्हाच मावळला. त्या हिशेबानं जेवा ना."

मास्तर म्हणाले, "मी गावात आहे का?"

"नाही, पण..."

"मग? माणूस जिथे उभा, तिथला सूर्य त्याचा. हे मी पोरांना कान पिळून शिकवलंय. आता माझा कान आला तर गावाचा सूर्य उसना आणू?"

"बाबा, देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतं गं. मला कळत नाही, तिथे अडलंय. आज मोडला, आणि उद्या तुझ्या आईला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? त्या शंकराला, की त्या संत्र्याला?"

आता खरी अडचण ऐका. इंदूकाकूंची रात्रीची गोळी असते, हृदयाची. पोटात अन्न असल्याशिवाय घ्यायची नाही, घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि चुकवायचीही नाही. छोटं जहाज, डॉक्टर नाही, पुढचं मोठं बंदर दुसऱ्या दिवशी. अनघा म्हणाली, "आई, तू तरी जेव." काकू पलंगावर मांडी घालून बसलेल्या. म्हणाल्या, "प्रदोषाला मी यांच्या आधी कधी जेवले? आज जेवू?"

"आई, गोळी!"

"घेईन की. हे जेवले की."

कळलं का? हिच्या जिवासाठी तो जेवत नाही. तो जेवत नाही म्हणून ती जेवत नाही. ती जेवत नाही म्हणून गोळी नाही. आणि गोळी नाही म्हणजे — ज्या जिवासाठी हे सगळं, तोच टांगलेला. आणि दोघंही म्हणतात, मी तुझ्यासाठी करतोय! मायेनं गळा धरला ना मंडळी, की सोडवायला पोलीसही येत नाही.

मास्तर वळले. म्हणाले, "इंदू, हट्ट करू नकोस. जेव."

काकू म्हणाल्या, "हट्ट? शब्द बघा वापरताय तो."

"माझा नेम आहे."

"माझाही आहे. माझा कुणी पंचांगात छापला नाही, एवढंच."

मग काकूंनी अनघाला सांगितलं, तू जरा बाहेर जा. अनघा दाराबाहेर गेली आणि तिथेच उभी राहिली. लेकीच त्या. म्हणून तर गोष्ट आपल्यापर्यंत आली. रात्रीच तिनं मामाला मोबाइलवर बोलून पाठवलं, वामनरावांनी मला ऐकवलं. तिखटमीठ माझं, पण पुढचं बोलणं जसंच्या तसं.

काकू म्हणाल्या, "पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. तेव्हा प्रदोषाला तुम्ही कशावर जेवायचात?"

"घड्याळावर. पंचांगात अस्ताची वेळ असते."

"आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली कोण द्यायचं?"

"तू."

"शाळेतून यायचात ते पांढरेफटक होऊन. हात असेच थरथरायचे. मला बघवायचं नाही. मी काटा पुढे सरकवायचे, आणि तुम्ही झोपलात की मागे आणायचे."

"कितीदा?"

"ते विचारू नका."

"म्हणजे माझा नेम..."

"मोडलाय. केव्हाच. आणि मी ही समोर बसलेय."

मंडळी, काय वाटलं असेल त्या माणसाला? इतक्या वर्षांचा उपास, आणि तो ज्या घड्याळावर उभा, ते घड्याळच मायेनं खोटं बोललेलं. रागवावं, तर कुणावर? अनघा म्हणते, मास्तर अगदी हळू म्हणाले, "भूगोलाचा मास्तर मी. घरातली वेळ चुकलेली कळली नाही." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "मग इतकी वर्षं तुला जगवलं कुणी, इंदू?"

काकू म्हणाल्या, "ते शंकराला विचारा. मला आत्ता गोळी घ्यायची आहे."

इथे अनघाला रडू आलं म्हणून ती वर डेकवर गेली. उन्हात उभी राहिली. परत खाली आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं; दोघं दुसऱ्या जिन्यानं वर गेलेली. टेबलावर ताटल्या होत्या. तिनं त्यांचा फोटो काढून मामाला पाठवला. त्याखाली एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. तो फोटो हा, वामनरावांच्या हातात.

एक ताटली रिकामी, पुसून खाल्लेली. दुसरी जशीच्या तशी, वर पालथी बशी घालून झाकलेली. गोळ्यांचं पाकीट उशीवर. त्यातली गोळी काढलीय की नाही, फोटोत दिसत नाही.

रिकामी ताटली कुणाची?

मघाशी मी हे मागच्या ओसरीवर विचारलं. वामनराव म्हणाले, "मेहुण्यांची. एवढं ऐकल्यावर माणूस जेवतो." त्यांच्या सौभाग्यवती तिथेच वाती वळत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "वन्संची. शेवटी हट्ट आधी कोण सोडतं, ते मला नका सांगू." वामनराव उठून पेटीपाशी आले. अजून त्यांचा सूर लागलेला नाही, ऐकताय ना?

आता तुम्ही. तुम्हीही मनात ठरवलंत, मला दिसतंय. या खांबाजवळच्यांनी मास्तर ठरवले, त्या बायकांनी काकू ठरवल्या. कशावरून ठरवलंत? नॉर्वे तुम्ही पाहिला नाही, जहाज पाहिलं नाही, ती खोली पाहिली नाही. तुम्ही पाहिलंत आपापलं स्वयंपाकघर. कोण झाकून ठेवतं आणि कोण जेवून उठतं, हे तिथे रोज दिसतं. फक्त त्याचा फोटो कुणी काढत नाही. मी ब्रह्मचारी, माझ्या घरी एकच ताटली. मला विचारून उपयोग नाही. म्हणून आज प्रसाद घेऊन घरी गेलात, की बुवानं प्रश्न काय विचारला होता तो आठवा, आणि उत्तर देवाला द्यायच्या आधी समोर जो बसला असेल त्याला द्या.

वामनराव, फोन बघा जरा एकदा. लागतोय का?

नाही म्हणतात. जहाज आणखी वर गेलंय. तिथे आत्ता दिवस आहे.