मास्तरांची खोली

नाही हो, खोली रिकामीच आहे, पण रिकामी आहे म्हणून येईल त्याला द्यायची असं कुठं असतं — या, आत या, दारात उभं राहून सगळ्या जिन्याला कशाला ऐकवायचं. बसा त्या स्टुलावर. कुबट वास येतोय तो खिडकी बंद असते म्हणून, उघडली की जाईल. मी हातातलं काम सोडत नाही, राग मानू नका, हे कोट आजच डेपोत पोचवायचे आहेत. ट्रॅमवाल्यांचे. जुनी बटणं कापायची, नवी लावायची — जुन्यांवर परक्यांचा मुकुट होता, नव्यांवर आपला सूर्य आहे. कोट तेच. कोपरं विरलीत, ती तशीच राहू द्या म्हणाले, बटणं तेवढी बदला. मी कशाला बोलू, मी शिवते. कुणी सांगितलं तुम्हाला खोलीचं? खाली बोट दाखवताय — म्हणजे खालच्या पाण्याच्या पिंपवाल्यानं? अस्सं. पिंपवाला माझ्याशी संप झाल्यापासून बोलत नाही, समोर आले तर मान वळवतो, आणि माझ्या खोलीला भाडेकरू शोधून देतो. असेल बाई. सुधारला असेल. माणसं सुधारतात म्हणे.

आमचे हे नाहीत घरी. तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगते. बहिणीकडे गेलेत, लांब आहे ती. पुरुषमाणूस घरात नाही म्हणून जरा चौकशी करते, एवढंच — आधी नव्हते करत. आधी म्हणजे मास्तर आले तेव्हा. या खोलीत आजवर एकच भाडेकरू राहिला, तोही बिनभाड्याचा. मास्तर नव्हतेच ते, शाळेचं तोंडसुद्धा कधी पाहिलं असेल तर शिकताना. पण शेजारीपाजारी विचारायचे, काहीतरी सांगायला हवं, म्हणून मास्तर म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. तुम्ही ओळखता त्यांना. चौकातल्या मोठ्या फलकावर चष्मेवाले, हात उंच केलेले — ते. मजूरमंत्री. ते आमचे मास्तर. बघा, तुमचा चेहरा हललासुद्धा नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाई थापा मारते.

यांनी आणलं त्यांना, डेपोतून, भर दुपारी, फिटरचा डगला घालून. डगला इतका ढगळ की आत कुणी आहे की नाही कळेना. हे म्हणाले, हा माणूस राहील आपल्याकडे. मी म्हटलं, कोण आहे? म्हणाले, परक्यांनी याच्या डोक्यावर बक्षीस लावलंय. झालं, एवढंच. मी चुलीवर पाणी ठेवलं. नाव नाही, गाव नाही, काही नाही. आणि मग राहिले ते, एक हिवाळा पुरता, खिडकीपाशी जायचं नाही, मोठ्यानं शिंकायचं नाही, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन हळू आवाजात गणितं शिकवायची. मला वहिनी म्हणायचे. माझ्या हातचं जेवण त्यांना आवडायचं — म्हणजे आवडलं नाही तरी ताट चाटूनपुसून ठेवायचे, ते एक.

आणि जेवताना दोघांची जुंपायची. रोज. मास्तर म्हणायचे, आधी घर परक्याच्या हातून सोडवू, मग आपसात वाटण्या करू. हे म्हणायचे, मास्तर, आम्ही भावकीतली माणसं, वाटण्या आम्हाला शिकवू नका, घर सोडवताना जो दाराशी लाठ्या खातो तो वाटणीच्या दिवशी अंगणात उभा असतो. मास्तर हसायचे. म्हणायचे, तुम्हाला स्वातंत्र्य नकोय का मग? आता हे कुणी विचारावं यांना, ज्यांची पाठ परक्या साहेबाच्या छडीनं फोडलेली. हे म्हणायचे, हवंय, तुमच्याहून जास्त हवंय, पण मला साहेब नकोय, आणि तुम्हाला परका साहेब नकोय, एवढाच आपला फरक. मी म्हणायची, जेवण गार होतंय, देश उद्या सोडवा.

मग ट्रॅम थांबल्या. तुम्ही लहान नव्हता तेव्हा, आठवत असेल. मास्तरांची चळवळ भाषणं करून करून घसा बसवून बसली होती, परक्यांना भाषणांचं काय, कानात बोळा घातला की झालं. पण ट्रॅम थांबली तसं शहर थांबलं — गोदीत माणूस पोचेना, कचेऱ्या उघडेनात, साहेबांच्या घरी दूध जाईना. कुणी थांबवल्या? डेपोनं. आणि डेपो म्हणजे कोण? निम्मे आपले, निम्मे पलीकडचे. नदीपलीकडचे हो. वायरीची कामं, रुळांची कामं त्यांच्याकडेच, आपल्या लोकांना तेव्हा ती हलकी वाटायची. यांचा जोडीदार तसाच एक, लंबू म्हणायचे त्याला सगळे, दारातून वाकून यायचा. त्याचे पुढचे दात पाडले परक्यांच्या पोलिसांनी, फाटकावर. उचलून इथं आणला. आणि मास्तरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओला फडका तोंडावर धरला, आणि रडले. मी उभी होते इथं. ते रडणं खोटं नव्हतं. तेच मला सगळ्यात जास्त छळतं बघा — खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा मी रस्त्यावर नाचले, खोटं कशाला सांगू. लंबूची बायको माझा हात धरून नाचत होती. ट्रॅमच्या टपावर माणसं चढलेली, आणि हे ओरडत होते, उतरा रे, तारेला चिकटाल — असला नवरा. मग ट्रॅमची परकी कंपनी गेली. डेपो आपला झाला. आपला म्हणजे कुणाचा? राष्ट्राचा. राष्ट्राचा म्हणजे? म्हणजे चळवळीला ज्या गिरणीमालकानं पैसा पुरवला त्याच्या जावयाचा. तो खुर्चीत बसला. छडी नाही आणली त्यानं, ते कबूल करते, छडी नाही. पण संध्याकाळचा भोंगा होता तिथंच, आणि पगार होता तिथंच, आणि वर म्हणायचं काय, तर देशासाठी काढा थोडी कळ. परक्याला शिवी तरी देता यायची. आपल्याला कशी देणार?

आणि मग नवीनच निघालं. आपल्या पोरांना कामं नाहीत, म्हणून पलीकडच्यांना काढायचं. सगळ्यांना. लंबूलासुद्धा. जन्म इथला त्याचा, या नळाचं पाणी पिऊन वाढलेला, पण बोलायला लागला की कळायचं, त्याला आपला 'ळ' कधी जमला नाही. यांनी डेपो बंद ठेवला. तीच माणसं, तेच फाटक, तोच संप — पण या खेपेला वर्तमानपत्रात आलं, देशद्रोही. मी पिंपवाल्याकडे पाणी भरायला गेले तर म्हणाला, तुमचे मालक परक्यांना फितूर झाले का? मी म्हटलं, गेल्या खेपेला तूच हार घेऊन आला होतास ना रे. तेव्हापासून बोलत नाही.

मास्तर आले होते. हो, इथं, स्वतः. गाडी पलीकडच्या गल्लीत ठेवून चालत आले, या खोलीत बसले, भिंतीवरून हात फिरवला. अंगानं भरले होते. मी वाढलं, जेवले. मग म्हणाले, वहिनी, यांना समजवा. पगार वाढवून देतो, कामाचे तास कमी करून देतो, युनियनला मान्यता देतो, एका सहीचं काम आहे. फक्त पलीकडच्यांचा विषय सोडा. हे म्हणाले, लंबूचे दात कुठल्या देशासाठी पडले, मास्तर? मास्तर म्हणाले, मी विसरलोय असं वाटतं का तुम्हाला? पण लोक विचारतात, त्यांना काय सांगू? देश नवा आहे, पोराला दात येताना ताप येतोच. हे म्हणाले, येतो, पण शेजारच्या पोराला मारून तो उतरत नाही.

आणि मी? मला वाटलं, घ्यावं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं ते ताटात वाढून आलंय. मी म्हटलंसुद्धा, घ्या की हो, लंबूचं नंतर बघू काहीतरी. यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, दमलेल्यासारखं. म्हणाले, घेतो, पण मग उद्या डेपोत कुणाच्या जोडीनं काम करू? ज्याला विकायचं अजून राहिलंय त्याच्या? मास्तर उठले. म्हणाले, मला हुकूम काढावा लागेल. हे म्हणाले, काढा. कुणीच आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. आणि दारात मास्तर थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, वहिनी, सकाळी यांना घरी ठेवू नका.

आता सांगा, याचा अर्थ काय लावायचा. मी अजून लावते आहे. वाचवलं त्यांनी? की स्वतःचं मन हलकं केलं? सकाळी पोलीस आले, आपले पोलीस, आपल्या भाषेत शिव्या देणारे, गादी फाडली, लेकीची पाटी फोडली, आणि हे नव्हते. डेपोतले बाकीचे आत गेले. लंबूला बायकोपोरांसकट गाडीत घातलं आणि पुलाच्या त्या टोकाला सोडून आले, तिथं त्यांना म्हणे तिकडचेही आपले म्हणत नाहीत, बोलणं इकडचं वाटतं. अशी गत. लोक म्हणतात मास्तर मनातून आपलेच आहेत, अडकलेत बिचारे. हेही तेच म्हणतात. परवा जेवताना म्हणाले, मास्तर माणूस वाईट नाही, तू खुर्चीतल्या माणसाकडे बघत बसू नकोस, खुर्ची कुणी दिली ते बघ —

परवा म्हणजे मागं. जायच्या आधी. आमच्यात असंच म्हणतात, मागच्याला परवा म्हणतात. सुई टोचली, काही नाही, कोटाला लागेल म्हणून हात बाजूला घेतला.

तुम्ही काहीच बोलत नाही. खोली बघायला येणारा माणूस पाण्याचं विचारतो, पाणी किती वेळ येतं, ढेकूण आहेत का, भाडं किती. तुम्ही आल्यापासून मान हलवताय आणि ऐकताय. पिशवीही लहान आहे, बिऱ्हाड घेऊन आलेल्याची नाही वाटत. कुणी पाठवलं? मास्तरांनी? की मास्तरांच्या नकळत, त्यांच्याच माणसांनी? मी मूर्ख, एखादं कुणी ऐकणारं भेटलं की अशी सुटते —

की तसं नाही. दारात तुम्ही एकच शब्द बोललात, खोली. त्यात 'ळ' नाही आणि 'ल' तर सगळ्यांनाच येतो. पलीकडचे आहात का तुम्ही? म्हणून गप्प आहात? पूल ओलांडून परत आलात? लंबूनं पाठवलं असेल, पत्ता दिला असेल, बाई काही विचारत नाही म्हणाला असेल. हेर पण असाच गप्प बसतो, आणि पलीकडचा पण असाच. तुमचे डोळे लाल आहेत, पण डोळे काय, पाळतीवर राहूनही लाल होतात. मला ओळखू येत नाही. मला पूर्वीही ओळखू यायचं नाही, पण तेव्हा मी ओळखायला बसत नव्हते.

उठा तुम्ही. खोली द्यायची नाहीये. पिंपवाल्याला सांगा, बाईनं नाही म्हटलं, आणि जिन्यात कठडा धरून उतरा, खालच्या पायऱ्या झिजल्यात. उठा म्हटलं ना. — नाही, आता तोंड उघडू नका. तुम्ही बोललात तर मला ठरवावं लागेल.