विचारायचं तिनं, समजायचं त्यांनी

व्हिसाच्या ऑफिसात पुस्तक उघडून बसलेल्या ग्रंथपालांच्या कानावर शेजारच्या वयस्क जोडप्याचं स्पॅनिश पडत होतं.

“दोंदे एस्ता एल ओस्पिताल? हॉस्पिटल कुठंय?”

“आ ला देरेचा. उजवीकडे. अगं, उत्तरंही पाठ कर की!”

“ती तुमच्याकडे. मी विचारायचं, तुम्ही समजून घ्यायचं, असं ठरलंय ना? परक्याशी बोलायला तुमची जीभ रेटत नाही.”

“आणि तू कुणाचं ऐकून घेत नाहीस.”

“लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि तुम्हाला टोमणे सुचतात!”

तेवढ्यात खिडकीतून दोघांचे पासपोर्ट परत आले. व्हिसा फक्त बायकोला मिळाला होता.

“अहो, आता?”

“आता ऐक. आ ला इस्किएर्दा. डावीकडे. आणि सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही.”

“नाही तोडत. तुम्ही सांगा.”