आईसाठी लोकरीचं फूल

तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"किती सुबक फूल आहे हो, मावशी! क्रोशावर तुम्ही विणलंत?"

"नातीनं. तिची आई आत आहे ना. भिंतीला लाव म्हणून दर भेटीला एक पाठवते."

"तिच्या आईला बरं वाटत असेल."

"लेक भेटायला कोठडीतून बाहेरच येत नाही, बाई. मी तशीच परत जाते."

"मग फुलांचं काय करता?"

"बसमध्ये उसवते. घरी सापडलं तर पोरीला काय सांगू? तीच लोकर नवी आणली म्हणून देते."

"तिला कळत नाही?"

"परवा म्हणाली, आजी, दुकानातली लोकर सरळ असते, ही कुरळी कशी?"

"अगंबाई! मग?"

"मी काही बोलायच्या आत सुई घेऊन विणायला बसली."