‘तुझा प्रेम, माझी वेड’

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या घड्याळवाल्या अण्णांची दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. भिंतीवरच्या स्पीकरवर ‘तुझा प्रेम, माझी वेड’ हे गाजलेलं गाणं लागलं आणि शेजारच्या बाकावरच्या शिक्षिकाबाई लेकीकडे वळल्या.

“प्रेम नपुंसकलिंगी, वेडही नपुंसकलिंगी. या मेल्याने एकालाही सोडलं नाही! माझ्या वर्गात असता तर वर्षभर बाकावर उभा केला असता.”

“आई, हळू. लोकांना आवडतं हे गाणं.”

“लिहिलंय कोणी? एकदा भेटायला हवा मला.”

“संध्याकाळी भेटेल.”

“कुठे?”

“आपल्या घरी. मला मागणी घालायला येतोय.”

अण्णांनी गालावरचा हात काढला.

“हा? हा आपला जावई?”

“तू हो म्हणालीस तर.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर मी रडेन, आणि तो त्यावर गाणं लिहील.”

“अगं बाई!”

“बाबांचं पहिलं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवलं होतंस ना?”

“त्यांनी सुधारून पुन्हा पाठवलं. म्हणून तर तू आहेस.”

“हे मी त्याला सांगितलं.”

“मग? पळाला?”

“नवं गाणं घेऊन येतोय. म्हणाला, आईंनी तपासून दिल्याशिवाय चाल लावायला देणार नाही.”

आतून अण्णांच्या नावाचा पुकारा झाला. त्यांनी खुणेनेच मागच्या माणसाला पुढे धाडलं.

“आपणहून म्हणाला?”

“आपणहून.”

“मोठं आहे का गं गाणं?”

“चार कडवी.”

“मग वेळ लागेल. जेवायलाच थांबू दे त्याला.”